चीनचा ‘खुळा’ बियावाला आणि सात नोकरांचा नियम



चीनचा विषय निघाला की आपण दुकानदार मंडळी दोनच गोष्टी बोलतो. माल एवढा स्वस्त कसा, आणि टिकेल किती? बीबीएला मलाही चीन म्हणजे कारखाने, कंटेनर आणि जीडीपीचा आलेख एवढंच शिकवलं. तिथला गल्लीतला गाडीवाला कसा उभा राहिला, हे कुणी सांगितलं नाही. या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ती गोष्ट इथे नीट सांगतो. शेवटी गृहपाठ आहे, तो सोडू नका.

१. व्यापारी चौथ्या पायरीवर

जुन्या चिनी विचारात समाजाच्या चार पायऱ्या मानल्या होत्या. विद्वान-अधिकारी, शेतकरी, कारागीर आणि सगळ्यात शेवटी व्यापारी. कारण साधं होतं. शेतकरी पिकवतो, कारागीर घडवतो. व्यापारी फक्त इकडचं तिकडे करतो आणि मधला पैसा ठेवतो, अशी समजूत.

आता प्रत्यक्षात पैसा कुणाकडे होता? मिंग आणि चिंग राजवटीत आनह्वे प्रांतातल्या ह्वेझोउ भागाचे व्यापारी मिठाच्या धंद्यात गडगंज झाले. पण मीठ विकायला सरकारी परवाना लागायचा. परवाना गेला की धंदा गेला. म्हणून हे व्यापारी कमावलेला पैसा कशात घालायचे? मुलांच्या शिक्षणात. मुलगा राजदरबारी परीक्षा पास होऊन अधिकारी झाला, की घराण्याला मानही मिळायचा आणि आधारही.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: पैसा असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. सात चालतील, आठ नाही

१९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली. १९५६ पर्यंत जवळजवळ सगळे खासगी कारखाने आणि दुकानं सरकारी किंवा सहकारी व्यवस्थेत ओढली गेली. स्वतः माल आणून नफ्यावर विकणं हा ‘सट्टेबाजी-नफेखोरी’चा गुन्हा ठरायचा.

१९७८ च्या डिसेंबरनंतर डेंग शियाओपिंग यांच्या काळात वारं फिरलं. त्यामागे एक रोखठोक अडचण होती. माओंच्या काळात खेड्यांत पाठवलेली लाखो तरुण मुलं शहरात परतत होती आणि सरकारकडे त्यांच्यासाठी नोकऱ्या नव्हत्या. मग म्हणाले, छोटा धंदा करा. वेनझोउ शहरात बटणं वगैरे विकणाऱ्या झांग ह्वामेई या तरुणीला डिसेंबर १९८० मध्ये वैयक्तिक धंद्याचा परवाना मिळाला. सुधारणांच्या काळातला तो पहिला परवाना मानला जातो.

पण माणसं किती ठेवायची? जुलै १९८१ च्या सरकारी नियमात उत्तर आलं: दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ. एकूण सात. आठवा आला की तुम्ही ‘शोषण करणारे भांडवलदार’! हा आकडा आला कुठून? मार्क्सने ‘कॅपिटल’ ग्रंथात छोटा मालक भांडवलदार कधी होतो हे समजवायला आठ कामगारांचं एक गणित मांडलं होतं. वहीतलं उदाहरण, पण तिथे त्यावर माणसाचं नशीब ठरू लागलं.

३. ‘खुळ्याच्या बिया’

आनह्वे प्रांतातच वूहू नावाचं शहर आहे. तिथे न्येन ग्वांगज्यू नावाचा माणूस भाजलेल्या बिया विकायचा. आपल्याकडे गप्पा मारताना खारे दाणे, तशा तिकडे कलिंगडाच्या, सूर्यफुलाच्या बिया. शिक्षण जवळपास नाही. आधी मासे विकल्याबद्दल १९६३ मध्ये तुरुंगातही जाऊन आलेला.

याची एक सवय होती. वजन झालं की वर एक मूठ जास्त टाकायची. लोक म्हणायचे, हा खुळा आहे! त्याने तेच नाव धंद्याला दिलं: ‘खुळ्याच्या बिया’. १९८२ मध्ये त्याने अर्ध्या किलोचा भाव २ युआन ४० वरून थेट १ युआन ७६ वर आणला. दुकानापुढे रांगा लागल्या. बघता बघता त्याच्याकडे शंभरावर माणसं कामाला होती. सातची मर्यादा कुठल्या कुठे! आणि तक्रार थेट बीजिंगपर्यंत गेली.

४. साहेब म्हणाले, ‘चालू द्या’

डेंग यांचं म्हणणं होतं, थोडं थांबून बघू. ऑक्टोबर १९८४ मध्ये ज्येष्ठ नेत्यांपुढे त्यांनी या बियांचं नाव घेतलं. आशय असा, की हा माणूस काही दिवस धंदा करत राहिला तर समाजवादाचं काय बिघडणार आहे? एका बियावाल्यासाठी देशाचा सर्वोच्च नेता बोलला.

वाटतं ना, आता याला कोण हात लावणार? बघा पुढे काय झालं.

१९८५ मध्ये त्याने बक्षीस योजना काढली, पहिलं बक्षीस मोटारगाडी. विक्री धडाक्यात सुरू झाली आणि तेवढ्यात केंद्र सरकारने देशभरातल्या बक्षीस योजनाच बंद केल्या. माल परत आला, मोठा तोटा बसला. नंतर, १९८९ मध्ये सरकारी पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला, कारण त्याच्या कंपनीत स्थानिक सरकारी संस्था भागीदार होती आणि हिशेब धड नव्हते. अफरातफर कोर्टात टिकली नाही, तरी १९९१ मध्ये ‘गुंडगिरी’ या सैलशा कलमाखाली शिक्षा झाली.

१९९२ च्या सुरुवातीला डेंग दक्षिण चीनच्या दौऱ्यावर गेले. तिथे त्यांनी पुन्हा या बियांचा उल्लेख केला: त्याला हात लावला असता तर लोक म्हणाले असते की धोरण बदललं. त्यानंतर काही आठवड्यांत न्येन सुटला.

आनंदाची गोष्ट आहे, पण नीट विचार करा. तो साहेबांच्या एका वाक्यावर सुटला. ते वाक्य आलं नसतं तर?

५. कागद कधी आला

नोकरांची मर्यादा १९८७ मध्ये उठली. १९८८ मध्ये राज्यघटनेत खासगी उद्योगाला जागा मिळाली. आणि गंमत बघा, त्याच वर्षीच्या नियमात खासगी उद्योगाची व्याख्या काय? आठ किंवा जास्त नोकर असलेला! कालची गुन्ह्याची रेषा आज नोंदणीची अट झाली. १९९७ च्या नव्या दंडसंहितेतून ‘सट्टेबाजी-नफेखोरी’ आणि ‘गुंडगिरी’ ही दोन्ही कलमं त्या नावाने गेली. २००४ मध्ये कायदेशीर खासगी मालमत्तेचं संरक्षण घटनेत आलं.

मग प्रश्न मिटला? नाही. जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमवायला सरकारने बंदी घातली आणि अख्खा उद्योग बसला. खासगी उद्योगांना आधार देणारा स्वतंत्र कायदा तिथे मे २०२५ मध्ये लागू झाला. म्हणजे इतका पैसा आणि इतके उद्योग उभे राहूनही ‘आम्हाला हात लावणार नाही ना?’ हा व्यापाऱ्याचा प्रश्न अजून जुनाच आहे. न्येन २०२३ च्या जानेवारीत वारला. तोपर्यंत त्याच्या बिया देशभर माहीत होत्या.

६. आपण काय घ्यायचं

मी पहिलं टेबल मांडलं ते एका इमारतीच्या पॅसेजमध्ये. मालक ओळखीचे. म्हणाले, “लाव रे, कोण विचारतंय!” मी खूश. दोन वर्षांनी जागेचा कारभार दुसऱ्याकडे गेला आणि आठ दिवसांत माझं टेबल रस्त्यावर. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठी नव्हती. न्येनची गोष्ट वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी ते टेबल आठवलं.

त्याच्याकडून दोन गोष्टी शिका. वरची मूठ शिका, गिऱ्हाईक तिच्यासाठीच परत येतं. आणि त्याने जे केलं नाही तेही शिका: हिशेब लिहिलेला, भागीदारी लिहिलेली, परवाना नावावर.

गृहपाठ: एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे तुमच्या धंद्यातल्या ज्या गोष्टी कुणाच्या तरी ‘चालू द्या’वर चालल्या आहेत त्या लिहा. जागा, उधारी, पुरवठादाराचा भाव, भागीदाराचा शब्द. उजवीकडे, ज्यांचा कागद तुमच्या कपाटात आहे त्या. मग डावीकडची एक गोष्ट या महिन्यात उजवीकडे आणा. एकच. पुढच्या महिन्यात दुसरी.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, कागद सांभाळा!