पत्रकारिता शिकायची? आधी एक विषय पक्का धरा

अकोला म्हणजे वऱ्हाडातलं क्लासेसचं गाव. नीट आणि जेईईच्या फलकांखालून रोज जाणं-येणं असलेल्या घरात मुलीनं ‘मला मीडियात जायचंय’ असं म्हटलं, की आई-बाबांच्या पोटात गोळा येतो. तो अनाठायी नाही. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन किती तुटपुंजं असतं आणि पुरवणीच्या जाहिराती गोळा करताना त्याची किती दमछाक होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यात २०२३ मध्ये ‘आज तक’नं ‘सना’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका पडद्यावर आणली. म्हणजे आता अँकरही नको!

पण यंत्रानं नेमकं काय हिरावलं, हे नीट पाहा. आलेली प्रेसनोट चार परिच्छेदांत बसवणं, इंग्रजी बातमीची मराठी करणं, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून दाखवणं. पूर्वी नवशिकी मुलं याच कामांवर लागायची, म्हणून पहिली पायरी निसरडी झाली आहे. जागेवर जाऊन माणसाला बोलतं करणं, कागद वाचणं आणि खरं-खोटं पारखणं मात्र अजून माणसालाच करावं लागतं. त्यासाठी विषय कळावा लागतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. ती बातमी मृतांच्या आकड्यावर संपत नव्हती. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, औषधं एकमेकांत मिसळली जात होती. ज्याला पऱ्हाटी आणि पंप दोन्ही माहीत, त्यालाच डॉक्टरला आणि कृषी सेवा केंद्रवाल्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बारावीनंतर लगेच ‘मास कॉम’च्या मागे लागू नका. आधी शेती, अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान यांपैकी एखादी पदवी घ्या आणि मग वर्षभराची पदविका करा. वऱ्हाडातल्या मुलांना ही सोय घराजवळच आहे. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि तिथल्या पदवीत कृषी विस्तार, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्याचं शास्त्र, शिकवलं जातं. (ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, त्या भाऊसाहेबांनी ‘महाराष्ट्र केसरी’ हे वृत्तपत्र काढलं होतं.) दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं, म्हणजे आयआयएमसीचं, केंद्र २०११ पासून अमरावतीत आहे. तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. २०२४ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. कृषी पदवी आणि वर ही पदविका असलेला उमेदवार संपादकाला सहजासहजी सापडत नाही.

प्रवेशाची वाट पाहत घरी बसायचं कारण नाही. हंगामात सकाळी बाजार समितीत जा. सोयाबीनच्या ढिगात व्यापारी हात घालतो, मूठभर दाणे चोळतो, ‘ओला आहे’ म्हणतो आणि भाव खाली येतो. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. मग समोरच्या ढिगात ओलावा किती, तो मोजला कुणी, मापक दाखवला का, पट्टीत किती कापले? शेतकरी, अडत्या आणि समितीचा सचिव, तिघांशी बोला. त्याच मालावर तीनशे शब्दांची बातमी, दीड मिनिटाचा व्हिडिओ आणि आकड्यांचा एक तक्ता करा. असे सात-आठ नमुने हाताशी असले, की मुलाखतीत गुणपत्रिकेकडे फारसं कुणी बघत नाही.

पारखण्याचं महत्त्व तर आपल्या दोन्ही शहरांना महागात पडून कळलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली तेव्हा संचारबंदीबरोबर इंटरनेटही बंद करावं लागलं. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल झाली. फिरत आलेला व्हिडिओ कधीचा, कुठला, हे तासाभरात शोधून देणारा माणूस आता प्रत्येक न्यूजरूमला हवा असतो. ही तंत्रं मोबाइलवर शिकता येतात.

नोकऱ्याही केवळ वर्तमानपत्रांत नाहीत. एमपीएससीमार्फत जिल्हा माहिती अधिकारी होता येतं. शिवाय आकाशवाणी आहे, ‘ॲग्रोवन’सारखं शेतीचं दैनिक आहे, बीबीसी मराठीसारखी डिजिटल माध्यमं आहेत. शेतकरी कंपन्या आणि मेळघाटातल्या संस्थांनाही लिहिणारी-चित्रित करणारी मुलं लागतात. कोरकू बोलता येत असेल तर तुम्ही तिथे आधीच दोन पावलं पुढे आहात. सुरुवातीचा पगार इंजिनिअर भावापेक्षा कमी असेल, हे मात्र घरात आधीच बोलून घ्या.

लाखभर रुपये घेऊन ‘तीन महिन्यांत अँकर’ करणाऱ्या खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत ते विचारा, आणि त्यांतल्या दोघांना स्वतः फोन करा. उत्तर टाळलं तर तिथून उठा. आयआयएमसीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत सुटले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. मराठीसारख्या भाषांच्या अभ्यासक्रमांची प्रवेशपद्धत वेगळी राहिलेली आहे, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच अर्ज भरा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर दिवाळीच्या सुट्टीतच कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू करा.