दादाच्या पाठीवरचा काळा ठिपका

अगं, दादाच्या पाठीवरचा तो ब्लॅकहेड हेअरपिनने उकरू नकोस. वहिनी वजरी घेऊन घासायला निघाली होती म्हणे, तिलाही आवर. काळं दिसतं म्हणून तो मळ नव्हे. आपल्याच कातडीचा झडलेला थर आणि तेल त्या छिद्रात साठतं, आणि तोंड उघडं असल्यामुळे हवा लागून वरचा भाग काळा पडतो. साबणाने काय जाणार?

आधी चष्मा लावून उजेडात नीट बघ. उतारवयात पाठीवर किंवा चेहऱ्यावर एकटंच, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, भोवतालची कातडी साधी, दुखणं-खुपणं नाही, तर डॉक्टर त्याला 'डायलेटेड पोअर ऑफ वायनर' म्हणतात. वायनर नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली त्याचं वर्णन केलं. निरुपद्रवी, पण महाचिवट. दाबलं की पिवळट, घट्ट, टोकाशी काळी गुठळी निघते. वास असा की नाकाला पदर लावावा. (असले व्हिडिओ लोक जेवताना बघतात, कमाल आहे!) पण आतलं अस्तर जागेवरच राहतं, म्हणून ते पुन्हा भरतं. कायमचं घालवायचं तर तेवढ्या जागेला भूल देऊन अस्तरासकट काढायचं. एखाद-दुसरा टाका पडतो, बस. त्रास नसेल तर तसंच ठेवलं तरी चालतं.

बोटाखाली गोळी हलली, तर ती गाठ. काळा ठिपका हे तिचं तोंड. तिला अजिबात पिळायचं नाही. आतल्या आत फुटली की लाल होते, पू धरते, आणि दादाला साखर आहे.

असे काळे ठिपके डोळ्यांच्या कडेला पुंजक्याने आले असतील तर ती वर्षानुवर्षांच्या उन्हाची आणि सिगारेटची करणी. तिथे रात्री लावायचं ट्रेटिनॉइनसारखं मलम देतात. गुण यायला महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलते, दिवसा उन्हापासून जपावं लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. तुला दिवस गेलेत, तू तर त्या ट्यूबला हातही लावू नकोस.

मात्र कडा उचललेली, चकचकीत दिसली, आपोआप रक्त आलं, खपली पडून पुन्हा धरली किंवा काळा रंग पसरत चालला, तर महिनाभर वाट बघायची नाही, थेट त्वचारोगतज्ज्ञ. आणि काही कापून काढलंच, तर तुकडा तपासायला पाठवणार ना, हे तिथेच विचारून घे.