गणित न्हाणीघरात न्या

पालकहो, दहावीच्या विज्ञानात ‘उष्णता’ हा धडा सुरू झाला की वारज्यातल्या आईबाबांची एक तक्रार हमखास येते: "सूत्र पाठ आहे हो, पण गणित चुकतं."

सूत्र सोपं आहे. वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातला बदल यांचा गुणाकार म्हणजे उष्णता. बदल काढायचा तर उष्णतेला उरलेल्या दोघांच्या गुणाकाराने भागायचं. मुलं अडखळतात ती भागाकारानंतर. आलेला बदल हेच शेवटचं तापमान समजून मोकळी होतात.

अशा वेळी आणखी दहा उदाहरणं देऊ नका. घरचा गिझर घ्या. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा. ५ मिनिटांत तो ६,००,००० ज्यूल उष्णता देतो. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात, म्हणजे १५ किलोला ६३,०००. भागाकार येतो साधारण ९.५. डिसेंबरात नळाचं पाणी २० अंश धरलं, तर गिझरमधलं झालं २९.५. मुलानं ‘९.५ अंश’ लिहिलं, तर रागावू नका. एवढंच विचारा, "गिझर लावून पाणी आणखी गार झालं का रे?" चूक त्याची त्यालाच सापडेल.

मग विचारा, रिकामा तवा एवढ्या पटकन कसा तापतो? तवा वजनाला कमी, शिवाय लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी.

शेवटी बादली. २० अंशांचं १० लिटर आणि ६५ अंशांचं ५ लिटर पाणी मिसळलं तर? उत्तर ३५. मुलाला ते आधी वहीत लिहू द्या, मग मोजू द्या. तापाचा थर्मामीटर नको, प्रयोगशाळेतला हवा. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. "चुकलं" म्हणू नका, "उरलेली उष्णता कुठे गेली?" असं विचारा. थोडी बादलीनं घेतली, थोडी हवेनं. पुस्तकातल्या गणितात कॅलरीमापीनं घेतलेली उष्णता वेगळी का धरतात, हे त्याला तिथेच कळेल.

गरम पाणी तुम्हीच ओता. आकडेमोड मात्र त्याला करू द्या, वेळ लागला तरी.