मुलगी ‘बघून शिकणारी’ आहे म्हणजे काय?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शिकवणीच्या एका अ‍ॅपने चाचणी घेऊन ती ‘बघून शिकणारी’ असल्याचं सांगितलं. आता तिला फक्त व्हिडिओच दाखवायचे का?
– एक आई, वडगाव मावळ

उत्तर : नाही, ताई. तो शिक्का मनातून काढून टाका. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शिकण्याच्या शैलींवरचं संशोधन तपासलं. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. भूमितीला आकृती लागते, कविता मोठ्याने म्हणावी लागते, कुठल्याही मुलाला.

उपयोग होतो तो मूल नेमकं कुठे अडलंय हे ओळखण्याचा. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाची कसून परीक्षा झाली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. सोडतीत निवडलेल्या मुलांना कार्यक्रम ज्याच्या त्याच्या पातळीवरून प्रश्न देत गेला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी, दोन्हींत ती सोडतीत संधी न मिळालेल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. मात्र ही मुलं ज्या केंद्रात जायची, तिथे छोट्या गटाला शिकवणारं माणूसही होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकट्या मोबाइलकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आज तिला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचारा. उत्तर दोन पंचमांश आलं, तर ती अपूर्णांकांतच अडली आहे; सातवीचा व्हिडिओ बाजूला ठेवा. ‘दीक्षा’ अ‍ॅपवर खालच्या इयत्तेतला अपूर्णांकांचा धडा काढा, शेजारी बसा आणि तिच्या बाईंनाही सांगा.