तुझ्या घरचं तूच बोल

चि. मन्यास,


काल वहिनीचा फोन होता. सूनबाई फार कमी बोलते, हे सांगायला ती पाऊण तास बोलली. म्हणून हे पत्र.

पत्रिकेत छत्तीसपैकी सव्वीस गुण जमले तेव्हा दादा खूश होता. घरच्या सवयींना त्यात एकही गुण नसतो. सूनबाई कोल्हापूरची. तिच्या माहेरी राग आला की आवाज चढतो आणि थोड्या वेळानं सगळे चहाला एकत्र बसतात. आपल्याकडे राग आला की अबोला. तुझे आजोबा दोन-दोन दिवस बोलत नसत. ताटात भाकरी किती उरली त्यावरून आम्ही त्यांच्या रागाचा अंदाज बांधायचो. त्याच घरात तू वाढलास, त्यामुळे स्वतःचं गप्प बसणं तुला समजूतदारपणाचं वाटतं. तिला ती शिक्षा वाटत असेल. तिचा आवाज जरा वाढला की तुला भांडण दिसत असणार. हे एकमेकांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही, तेव्हा सांगा. आणि कोल्हापूरची मुलगी बोलायची थांबली असेल, तर कारण आपल्या घरात शोधावं.

(आमटीत गूळ घालायचा की कांदा-लसूण मसाला, या वादात मी पडत नाही. तो मिटतो.)

सासरच्या नात्याबद्दल एक वाचलेलं सांगते. अमेरिकेत मिशिगनमध्ये टेरी ऑर्बक या संशोधक बाईंनी १९८६ साली लग्न झालेल्या ३७३ जोडप्यांचा पुढे वीसहून अधिक वर्षं मागोवा घेतला. नवरा सासू-सासऱ्यांच्या जवळचा असेल, तिथे घटस्फोटाची शक्यता २० टक्क्यांनी कमी दिसली. बायको सासरच्यांच्या फार जवळ असेल, तिथे ती तितकीच वाढलेली. त्यांच्या मते कारण हे, की सासूचा सल्ला सुनेला ढवळाढवळ वाटू लागतो. तिकडची घरं वेगळी, सगळंच आपल्याला लागू होईल असं नाही. पण पहिली गोष्ट मला पटते. सुनेनं सासरी मिसळावं म्हणून आपण तिच्या मागे लागतो आणि जावई दिवाळसणाची अंगठी घालून परत येतो.

१७ मे २०२६ ला अधिक ज्येष्ठ लागतोय. सासरी तेहतीस अनारशांचं ताट मिळेल, ते घे. सासूबाईंनी हौसेनं केलेलं असतं. पण ताट घेऊन लगेच निघू नकोस. राहा, सासऱ्यांबरोबर मंडईत जा. एरवीही त्यांना फोन तू कर, बायकोच्या फोनवर डोकं घालून ‘कसे आहात’ विचारणं पुरे झालं.

आता मुख्य गोष्ट. वहिनी तुमच्या खोलीतलं कपाट लावते, हे तिनेच मला कौतुकानं सांगितलं. ते थांबवायचं काम तुझं. ‘हिला आवडत नाही’ असं म्हणू नकोस. ‘आई, आमचं कपाट आम्ही लावू’ म्हण. ती रुसेल. मुलाचं बोलणं आई चार दिवसांत विसरते, सुनेचं चार दिवाळ्या काढते.

मी वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. या रविवारी तूच बोल.

तुझी,
आत्या