मीटिंग पटली नाही, आता काय?

प्रश्न : मी रोज दारू पितो. ती सुटावी म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए) मीटिंगला गेलो. ती चर्चच्या हॉलमध्ये होती, शेवटी प्रार्थनाही झाली. मी देव मानत नाही. पुन्हा जावं का? पत्नीला नेता येईल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडणंच सगळ्यात कठीण असतं, आणि ते तुम्ही केलंत. एए कुठल्याही धर्माशी जोडलेली नाही. हॉल केवळ जागेच्या सोयीसाठी असतो. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. प्रार्थनेला गप्प उभे राहिलात तरी चालतं.

प्रत्येक गटाची तऱ्हा निराळी असते. आणखी तीन-चार गट बघा, मराठीत चालणारा असेल तर उत्तमच. ‘परवा पुन्हा प्यायलो’ असं कुणी सांगतं आणि बाकीचे उपदेश न करता ऐकून घेतात, तो गट धरा. पत्नीला ‘ओपन’ मीटिंगला नेता येईल. ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. पत्नीसारख्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट आहेत.

मात्र रोजची दारू स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. हात थरथरणं, फिट येणं, भास होणं, हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून व्यसन सोडवण्याचं काम करतंय. आणि गटात कुणीही सांगितलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर थांबवू नका.