पैसे कुणाला, फाइल कुणाकडे

अरे, तू विचारलंस, "आत्या, एकट्यादुकट्याने बनवलेला गेम स्टीमच्या ऑनलाइन दुकानातून घेऊ की बनवणाऱ्याच्याच साइटवरून?" घेतल्यावर फाइल तुझ्या हातात येते तिथून घे. दोन्हीकडे येत असेल तर बनवणाऱ्याकडून घे. कुठेच येत नसेल तर मग भाव बघ. तुमच्या पिढीला भाव आधी बघायची सवय, म्हणून तुमचं गाडं तिथेच अडतं.

फाइलला एवढं महत्त्व का, हे पुण्यातल्या पोराला समजवायला वेळ लागेल, पण तू आंबवड्यात राहतोस. जुलैत रायरेश्वराच्या बाजूने ढग खाली आले की आधी लाइट जाते, मग टॉवर जातो, आणि झुलत्या पुलापाशी जाऊन मोबाइल उंच धरला तरी एक काडी दिसते न दिसते. भाताची लावणी झालेली, बाहेर धो धो पाऊस, लॅपटॉपमध्ये तीन तासांची बॅटरी. गेम खेळायला याहून चांगला दिवस नाही, आणि नेमका त्याच दिवशी गेम म्हणतो, आधी लॉगिन करा. तेव्हा कुठलाही गेम घेतलास की पहिल्याच दिवशी ही परीक्षा घे: वायफाय बंद कर, स्टीमही पूर्ण बंद कर, गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याच्या एक्सई फाइलवर डबल क्लिक कर. सुरू झाला तर फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर ठेव. स्टीमवरचे कितीतरी छोटे गेम असे स्टीमशिवाय चालतात, दुकान ते ठळकपणे सांगत नाही इतकंच. स्टीमला ऑफलाइन मोड आहे, पण तो नेट असताना एकदा नीट चालू करून ठेवावा लागतो. लाइट गेल्यावर आठवून उपयोग नाही.

जीओजी नावाचं पोलंडचं दुकान आहे, २००८ पासूनचं. त्याचा धंदाच कुलूप नसलेले, म्हणजे लॉगिनशिवाय चालणारे गेम विकण्याचा. तिथे प्रत्येक गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. मोठा गेम असेल तर एक सेटअप फाइल आणि तिच्यासोबत चार-चार जीबीचे तुकडे येतात. ते सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेव, एकही गाळलास तर इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. भोरला किंवा पुण्याला चांगलं नेट मिळालं की उतरवून घे आणि डिस्क घेऊन ये. डिस्क एक्सफॅट करून घे. जुना पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ असतो, त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. जागा मोकळी दिसते आणि तरी कॉपी होत नाही, मग पोरं पेन ड्राइव्हला शिव्या घालतात.

आता हेही ऐकून ठेव, की मोठ्या दुकानात तू गेम विकत घेत नाहीस, वापरायचा परवाना घेतोस. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला, की हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे, आणि स्टीमने त्याच्या आधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. ती ओळ तू वाचलेली नसणार. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्राने सुद्धा नाही. म्हणजे माझ्यामागे शेताच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद होईल, पण माझ्या खात्यातले गेम कुणाच्या नावावर चढणार नाहीत. डिस्कवर उतरवलेले मात्र कपाटात सापडतील.

पैशाचं गणित कागदावर मांडून बघ. समज, स्टीमवर गेम ५९० रुपयांना आहे. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे ९० रुपये सरकारचे. उरले ५००. त्यातले ३० टक्के, म्हणजे १५० रुपये दुकानाचे. बनवणाऱ्याच्या बाजूला ३५०, आणि मध्ये प्रकाशक असेल तर त्यातूनच त्याचा वाटा. दुकानाचा हा दर सर्वांना सारखा नाही. २०१८ पासून ज्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे जाते त्याला पुढच्या कमाईवर २५ टक्के, आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के. जो आधीच गब्बर झालाय त्याला सूट, आणि एका खोलीत बसून गेम करणाऱ्याला पूर्ण तीस. मला हे कधी पटलं नाही. एपिक या दुसऱ्या कंपनीने २०१८ च्या डिसेंबरात दुकान उघडताना १२ टक्केच घेऊ म्हणून सांगितलं, आणि जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच घेत नाहीत. पण छोट्या गेमांना शोधत येणारं गिऱ्हाईक अजून स्टीमवरच जास्त आहे, त्यामुळे बनवणारे तिथे जातातच.

दुकान फुकटचं खातं असंही म्हणू नकोस. सर्व्हर त्यांचा, अपडेट ते पोहोचवतात, तुझी खेळी क्लाउडवर ते जपतात, जगभरचे कर ते भरतात. एकट्या माणसाने हे सगळं करायचं म्हटलं तर गेम करायचा कधी?

थेट घेण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे इच.आयओ. लीफ कॉर्कोरन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये सुरू केलं. दुकानाला किती टक्के द्यायचे हे तिथे विकणाराच ठरवतो. त्याने काही बदललं नाही तर १० टक्के, शून्य करायचं असेल तर शून्य. बऱ्याच गेमना किमान किंमत असते आणि वर तुला हवे तेवढे जास्त देता येतात. पण एक मेख आहे. कार्ड किंवा पेपॅलवाला दर व्यवहाराला टक्केवारी तर घेतोच, शिवाय काही सेंट ठरलेले घेतो, साधारण तीस. एका डॉलरच्या गेमवर ते तीस सेंट म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा! स्टीमचं कमिशन वाचवायला गेलास आणि तेवढंच पेपॅलला दिलंस. म्हणून एकेक डॉलरचे गेम सुटे घेऊ नकोस. त्याच माणसाचे तीन-चार गेम एकत्र मिळत असतील तर तसे घे, नाहीतर किमतीच्या वर दोन डॉलर टाक.

आणि डॉलर म्हटलं की आपलं बँकेचं लचांड आलंच. स्टीमवर रुपयात भाव असतो, आणि तो अमेरिकेतल्या भावाचं नुसतं रूपांतर नसतो, भारतासाठी बराच कमी ठेवलेला असतो. तोच गेम बनवणाऱ्याच्या साइटवर डॉलरमध्ये घेतलास तर पूर्ण अमेरिकन भाव, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. कधी कधी दुप्पट होतं. अशा वेळी स्टीमवरून घे आणि मनाला लावून घेऊ नकोस. त्या माणसाने भारतासाठी कमी भाव ठेवला तो तू घ्यावास म्हणूनच. थेटच घ्यायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू कर, मर्यादा दोन-तीन हजारांवर ठेव आणि गेम मिळाला की परत बंद कर. वडिलांचं कार्ड असेल तर त्यांना आधी सांग. मेसेज आल्यावर सांगितलंस तर माझं नाव घेऊ नकोस.

काही गेम थेट मिळतच नाहीत, आणि त्यात बनवणाऱ्याचा दोष नसतो. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घे. भावाला असुरांनी पळवलंय आणि राजी दुर्गेच्या वराने त्याला शोधत निघते. राजस्थानी महाल, भिंतींवर लघुचित्रं, मधली गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून थेट पैसे मागून बघितले. ठरवलेला आकडा गाठला नाही, म्हणजे नियमाप्रमाणे हाती काहीच नाही. संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. शेवटी प्रकाशक मिळाला, ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरात बाकीच्या यंत्रांवर. वर्षअखेरीला गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी नामांकनही मिळालं. आता स्विचसारख्या यंत्रावर त्या कंपनीच्या दुकानाला वळसा घालून थेट गिऱ्हाइकाला विकायची सोयच नाही. तेव्हा असा गेम स्टीमवर घेताना "मध्यस्थ खातो" म्हणून नाक मुरडू नकोस. तो मध्यस्थ नसता तर हा गेम तुझ्यापर्यंत आलाच नसता. गोव्यात बसून अर्मान संधूने फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या नावाने 'रेनस्वेप्ट' आणि 'फॉरगॉटन फील्ड्स' केले. तेही स्टीमवर आहेत, आणि सेलची वाट न बघता घेण्यासारखे आहेत.

थेट विकणं नवीन आहे असं तुम्हाला वाटतं, तसं नाही. मी भोरला कॉम्प्युटर शिकवायचे तेव्हा गेमचा पहिला भाग फुकट यायचा, मासिकाच्या सीडीवर नाहीतर कुणाच्या तरी फ्लॉपीत, आणि पुढचे भाग हवे असतील तर कंपनीला फोन करायचा किंवा पोस्टाने पैसे पाठवायचे. 'डूम' १९९३ मध्ये असाच विकला गेला. भोरहून अमेरिकेला पैसे कोण पाठवणार? आपल्याकडे सगळ्यांनी पहिलाच भाग पुन्हा पुन्हा खेळला. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' २००६ पासून दोघा भावांनी आपल्या साइटवर फुकट ठेवला आणि लोकांच्या देणग्यांवर संसार चालवला. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी चित्रांसकट नवी आवृत्ती स्टीमवर आणि इचवर विकायला काढली, जुनी फुकटची तशीच ठेवली. 'फॅक्टोरिओ'वाले स्टीमवर जाण्याआधी काही वर्षं स्वतःच्या साइटवर विकत होते. त्यांच्याकडून थेट घेतलास तर कुलूप नसलेली फाइलही मिळते आणि स्टीमवर टाकायची कीही, म्हणजे गेम उघडणारा कोड. अशी जोडी दिसली की डोळे झाकून तिकडे जा. स्टीम विकणाऱ्याला अशा की फुकट काढून देतं आणि त्या विक्रीवर कमिशन घेत नाही. अट एवढीच, की स्टीमच्या गिऱ्हाइकाला त्याहून वाईट भाव देऊ नये.

पण की म्हटलं की एक वाट बंद करून ठेव. नेटवर की विकणारे बाजार आहेत, तिथे कोणीही कुठूनही आणलेली की निम्म्या भावात विकतो. त्यातल्या काही चोरीच्या कार्डाने घेतलेल्या असतात. कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते, वरून दंड लावते, आणि तो भुर्दंड बनवणाऱ्यावर. २०१९ मध्ये काही इंडी विक्रेत्यांनी उघड सांगितलं, की अशा बाजारातून घेण्यापेक्षा सरळ चोरून खेळा, निदान आमच्या खिशातून तरी जाणार नाही. 'फॅक्टोरिओ'वाल्यांनी पाठपुरावा केला आणि २०२० मध्ये जीटूए नावाच्या अशाच एका बाजाराने त्यांना ३९,६०० डॉलर भरून दिले. सगळ्यांना एवढा दम नसतो. म्हणून गेम शोधायचा तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून. तिथे दिलेल्या लिंकवर जा, गुगलच्या जाहिरातीवर नको.

थेट उतरवलेली फाइल उघडताना विंडोज निळी पाटी दाखवतं, की या प्रकाशकाची ओळख नाही. घाबरू नकोस, पण आंधळेपणाने पुढेही जाऊ नकोस. ओळख पटवणारं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं, छोटे लोक ते घेत नाहीत. आधी फाइलवर राइट क्लिक करून स्कॅन कर. पान कालपरवाच उघडलेलं नाही ना, त्या माणसाचं आधीचं काही काम आहे का, बघ. मगच 'मोअर इन्फो' आणि खालचं 'रन एनीवे'. अनोळखी माणसाने चॅटवर "माझा गेम टेस्ट करून दे" म्हणून पाठवलेली फाइल मात्र कितीही गोड बोलला तरी उघडायची नाही.

स्टीमवर परत करायची सोय चांगली आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून २ तास व्हायच्या आत. तुझ्या लॅपटॉपवर गेम अडखळत असेल तर बेलाशक परत कर, त्यासाठीच ती आहे. पण दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळून परत करायचा नाही. 'समर ऑफ ५८' करणाऱ्याने २०२१ मध्ये याच कारणाने गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. लोकांना गेम आवडायचा, परीक्षण छान लिहायचे आणि पैसे परत घ्यायचे. शंका असेल तर आधी डेमो खेळ. डेमो नसेल तर विशलिस्टमध्ये टाक. त्याला पैसे पडत नाहीत, बनवणाऱ्याला आकडा दिसतो, आणि सूट लागली की तुला मेल येतो.

परीक्षणाचं एक तुला माहीत नसेल. २०१६ पासून स्टीम गेमचा एकूण शेरा काढताना ज्यांनी स्टीमवरच पैसे मोजलेत त्यांचीच मतं धरतं. बाहेरून की घेऊन लिहिलेलं मत दिसतं, पण शेऱ्यात मोजलं जात नाही. आणि दहा मतं होईपर्यंत शेराच लागत नाही. तेव्हा ज्या गेमला अजून सात-आठच मतं आहेत, तो थेट घेऊन त्याचे शंभर-दीडशे रुपये वाचवण्यापेक्षा स्टीमवर घे आणि त्याच रात्री चार ओळी लिही. मराठीत लिहिलंस तरी चालतं, अंगठा वर की खाली एवढंच तिथे मोजतात. ज्याच्याकडे हजारो मतं पडलीत त्याला तुझ्या अंगठ्याचं काही नाही, त्याच्याकडून थेट घे, आणि पावतीचा मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. डाउनलोडची लिंक हरवली तर तो ऑर्डर नंबर टाकून त्यालाच लिहायचं असतं. छोट्या जागी उत्तर बहुतेक वेळा बनवणाराच देतो, फक्त अमेरिकेतला असेल तर आपली रात्र होईल, एवढं धरून चाल.